एस्त्रेलाचं दूध

३ ऑक्टोबर १५६२. शिओमे बंदर

फादर नुनो आज गेले.

यंदा आमच्या देशाचं व्यापारी जहाज शिओमेला आलंच नाही. वाटेत वळून ते शेजारच्या सरदाराच्या बंदराला लागलं आणि इथल्या सरदाराचं आमच्यावरचं प्रेम तिथल्या तिथे आटलं. रेशीम नाही, बंदुका नाहीत, मग पाद्री हवेत कशाला? नुनो म्हणाले, ‘‘आइरेस, सामान बांध. जिथे जहाज, तिथे आपण.’’

मी म्हणालो, ‘‘आपण जहाजाचे पाद्री की देवाचे?’’

शेवटी उन्हाळ्यापर्यंत राहायची परवानगी त्यांनी दिली, पण अगदी नाइलाजाने. होडीत चढण्याआधी मला मिठी मारून कानात म्हणाले, ‘‘तुझं डोकं फार कडक आहे. इथे कोणीतरी ते फोडेल.’’

फोडू देत.

आता उरलो मी आणि गेन्साइ. हा म्हातारा पूर्वी एका वैद्याकडे औषधं कुटायचा. नुनोंकडून बाप्तिस्मा घेतला आणि त्यांच्याकडूनच आमची भाषाही शिकला. सध्या माझी जीभ म्हणजे तोच.

९ ऑक्टोबर

गुडघे गेले. पाय दुमडून बसायचं, हसतमुख बसायचं आणि उठताना कण्हायचं नाही, हे मला या जन्मी जमेलसं दिसत नाही.

बाजारात आज गेन्साइची मदत न घेता उपदेश केला. ‘‘आत्मा अमर आहे, आत्मा जपा, आत्मा घेऊनच देवापुढे जायचंय,’’ असं कळवळून सांगितलं. लोक कान देऊन ऐकत होते. एक कोळीण तर डोळे पुसत होती. घरी येताना गेन्साइने सांगितलं की प्रत्येक वेळी मी ‘आत्मा’ऐवजी ‘अंडं’ म्हणत होतो.

‘‘मग तू थांबवलं का नाहीस?’’

‘‘पाद्रीबुवा, इतकी गर्दी कधी जमली होती का आपल्याकडे?’’

आता पोरंसोरं मला ‘अमर अंडं’ म्हणतात. उद्या पुन्हा जाणार आहे. त्याच जागी.

२२ ऑक्टोबर

रोज अंघोळ केल्याशिवाय मला ताट वाढणार नाही, असं गेन्साइच्या बायकोने, ओमात्सुबाईने, जाहीर केलं. मी म्हटलं, उपाशी राहीन. राहिलोही. संध्याकाळी तिने माशाचं कढण माझ्या खिडकीखाली शिजवलं. अंघोळ केली. पाणी उकळतं होतं. ही हार मी मोजत नाही.

२ नोव्हेंबर

बंदराचा कारभारी मागोशिची आला होता. बसला, गार पाणी प्यायला, हवेबद्दल बोलला, माझ्या दाढीचं कौतुक केलं आणि निघताना सहज बोलल्यासारखं म्हणाला, ‘‘पुढच्या होडीत जागा आहे.’’

मी म्हटलं, ‘‘जाणाऱ्याला शुभेच्छा द्या.’’

गेन्साइने ते भाषांतर करून सांगताना बरंच मऊ केलं असावं, कारण मागोशिची वाकून नमस्कार करून गेला.

११ नोव्हेंबर. संत मार्टिनचा दिवस

पहाटे दार उघडलं तर उंबऱ्याशी मिठाची टोपली. टोपलीत गवत आणि गवतात मूल. मुलगा. नाळ निळ्या चिंधीने नीट गाठ मारून बांधलेली. ओठ थंडीने जांभळे पडलेले, पण रडणं असं की गावातल्या बौद्ध मठातले भिक्षूही जागे व्हावेत.

गेन्साइ म्हणाला, ‘‘नशीबवान आहे. याला परत पाठवला नाही.’’

‘‘परत म्हणजे कुठे?’’

‘‘आला तिकडे.’’ त्याने डोळे वळवले. ‘‘इथे कोणी मूल मारलं असं म्हणत नाही, पाद्रीबुवा. खायला नसलं, किंवा घरात अपशकुन झालेला असला, की मूल परत पाठवतात.’’

मी संतापलो. कसली ही बाई! स्वतःचं रक्त टोपलीत टाकून अंधारात पळून जाते! गेन्साइ म्हणाला, ‘‘टोपली वाऱ्याच्या आडोशाला ठेवलीय.’’ हा माणूस सगळ्यांचीच बाजू घेतो.

ताबडतोब बाप्तिस्मा दिला. नाव मार्टिन. ओमात्सुबाई दूध पाजणारी बाई शोधायला सगळी गल्ली फिरली. परदेशी लोक पोरांचं रक्त पितात असं मठातून सांगून ठेवलेलं असल्यामुळे एकही दार उघडलं नाही.

ठीक आहे. माझ्या देशात दुसरी सोय आहे.

१२ नोव्हेंबर

डोंगरावरच्या एका शेतकऱ्याकडून गाय आणली, वासरासकट. बदल्यात माझा लोकरी झगा दिला. गेन्साइ म्हणाला, ‘‘थंडी अजून यायचीय.’’ येऊ दे. ज्या संताच्या सणाला पोर आलं, त्यानेही कुडकुडणाऱ्या भिकाऱ्याला आपला अर्धा झगा दिलाच होता.

इथे गाय नांगराला जुंपतात, दूध काढत नाहीत. दूध म्हणजे पांढरं रक्त, असं म्हणतात. मी धार काढायला बसलो तेव्हा कुंपणापलीकडे अर्धं गाव जमलं होतं. आमच्या घरी गायी होत्या, पण त्यांच्याखाली बसायचं काम माझं नव्हतं. एस्त्रेलाने (हे नाव मीच ठेवलं, आमच्या भाषेत ‘तारा’, गाय मात्र काळीकुट्ट आहे) मला पहिली लाथ मांडीवर मारली, दुसरी भांड्यावर. गाव खूश झालं. तिसऱ्यांदा वाटीभर दूध निघालं.

गेन्साइने नाक दाबून बांबूचं बोंडलं करून दिलं. मार्टिनने थोडं घेतलं, बरंचसं ओकलं. पुन्हा दिलं. पुन्हा ओकला. आम्हा दोघांत कोण जास्त हट्टी ते कळेलच.

१४ नोव्हेंबर

मागच्या वाटेने एक बाई आली. डोक्यावरून कापड पुढे ओढलेलं, चेहरा मेणासारखा पांढरा, आजारातून उठल्यासारखी चाल. गेन्साइशी हळू बोलली. नाव ओतोरा. मिठागरवाल्या कुरोबेएची सून. नवरा उन्हाळ्याच्या शेवटी वादळात बुडाला.

‘‘काय पाहिजे तिला?’’

‘‘गाईचं करीन म्हणते. शेण काढेन, धार काढेन.’’

‘‘घाण वाटत नाही?’’

गेन्साइने विचारलं. ती जमिनीकडे बघूनच म्हणाली, ‘‘पाद्रीबुवा रोज लाथा खातात ते बघवत नाही.’’

बोलते चांगली. ठेवून घेतली. पोराकडे तिने एकदाही पाहिलं नाही. कठोर असतात या बायका.

१९ नोव्हेंबर

ओतोराच्या हाताखाली गाय शांत उभी राहते. मला अपमान वाटला, पण दूध मिळतंय.

बाईला एक खोड आहे: पोर रडलं की ती हातातलं काम टाकून भिंतीला टेकते आणि दोन्ही हात छातीवर गच्च धरते. आज विहिरीवरून आली तेव्हा अंगरख्याचा पुढचा भाग ओला होता. इतक्या थंडीत! म्हटलं, पाणी नीट ओढत जा. ओमात्सुबाईने मला असं काही झटकलं की मी बाहेरच गेलो. स्वयंपाकघरात बायकांचं काय चाललेलं असतं ते देवच जाणे.

२५ नोव्हेंबर

चमत्कार लिहून ठेवतो. गाय थंडीने आटत चाललीय, जेमतेम दोन वाट्या निघतात. पोर मात्र बाळसं धरतंय! गालाला खळी पडायला लागली. ओकणं थांबलं. ओतोरा त्याला बोंडल्याने पाजायला गोठ्यात नेते. तिथे गाईची ऊब असते म्हणे. मी आत डोकावलो तर तिने पाठ फिरवली. लाजाळू आहे. मार्टिन म्हणता येत नाही, ‘मारुची’ म्हणते.

पवित्र मातेचे आभार मानले. माझ्या झग्याचं सार्थक झालं. रात्री दात वाजतात, पण ते कोणाला ऐकू जात नाहीत.

२९ नोव्हेंबर

बाजारात उपदेश केला, या वेळी गेन्साइला बरोबर घेऊन. म्हणालो, ‘‘वाघीण पिल्लू टाकत नाही. तुमच्यातल्या एका बाईने टाकलं. ती इथेच कुठेतरी उभी असेल. तिने ऐकावं. देव तिला विचारेल, माझं लेकरू कुठे आहे?’’

ओतोरा गर्दीच्या कडेला सरपणाचा भारा घेऊन उभी होती. भारा तिच्या हातून पडला. माझ्या शब्दांनी अशा परक्या बाईचंही काळीज हललं, याचं समाधान वाटलं. नंतर कळलं, गेन्साइने त्यातलं निम्मं सांगितलंच नव्हतं. चिडलो. म्हणालो, ‘‘माझ्या शब्दांना कात्री लावायचा अधिकार तुला कोणी दिला?’’

‘‘म्हातारपणाने,’’ तो म्हणाला आणि औषधं कुटायला बसला.

२ डिसेंबर

गाय नेली. सकाळी दावं कापलेलं सापडलं. वासरू हंबरत होतं. कुंपणावर कोळशाने काहीतरी लिहिलं होतं. गेन्साइने वाचलं नाही, नुसतं पुसलं.

मी सरळ कुरोबेएच्या मिठागरावर गेलो, कारण आमच्याविरुद्ध सगळ्यात मोठ्याने ओरडतो तोच. या माणसाचं मी काय वाकडं केलंय? सून आमच्याकडे राबते म्हणावं, तर ते त्याला ठाऊकही नाही. ती लपून येते. तो मीठ आटवायच्या भट्टीपुढे उभा होता. म्हणाला, ‘‘तुझ्या घरातलं ते पोर अपशकुनी आहे. बाप खाऊन आलेलं.’’

मी म्हटलं, ‘‘त्याचा बाप तुला काय माहीत?’’

गेन्साइ माझी बाही ओढत होता. कुरोबेएचा चेहरा एकदम राखेसारखा झाला. तो आत निघून गेला. माझ्या एका सवालाने गप्प बसला! असंच तोंडावर बोलायला हवं यांच्या.

६ डिसेंबर

गाय नाही. पोराला तांदळाची पेज देतो. मी भरवायला गेलो की थुंकतो, पण ओतोराकडे दिला की तासाभराने तृप्त होऊन येतो. ती अजूनही रिकाम्या गोठ्यात जाऊनच बसते. म्हणे, सवय झालीय. या देशाच्या तांदळात केवढी ताकद असेल! पेजेवर मूल इतकं गुटगुटीत होतं, हे घरी सांगितलं तर कोणी खरं मानणार नाही.

आज ओतोरा डोंगरात गेली होती. संध्याकाळी परत आली ती पायाला जखमा, हातात दावं आणि मागून एस्त्रेला. मला फार भरून आलं. मी आमच्या पद्धतीने तिच्यापुढे टोपी काढली. तिला काय करावं ते कळेना, म्हणून तिने गाईला वाकून नमस्कार केला.

१० डिसेंबर

मागोशिची पुन्हा आला. आज हवेबद्दल एक शब्द नाही. परदेशी माणसाने गावातलं मूल चोरलं, अशी तक्रार सरदाराकडे गेलीय. परवा अंमलदार येणार. मूल गावाच्या ताब्यात द्यायचं, गाय डोंगरात सोडायची, आणि मी पहिल्या होडीत बसायचं.

‘‘गावाच्या ताब्यात म्हणजे कोणाच्या?’’

मागोशिची उठून चपला शोधू लागला.

‘‘परत पाठवणार,’’ मी म्हणालो. माझ्या तोंडून हे शब्द त्याच्या भाषेत निघाले, कोणाच्याही मदतीशिवाय, आणि अजिबात न चुकता.

१२ डिसेंबर

सगळं लिहून ठेवायचं आहे.

अंमलदार साकुमा आला. चाळिशीचा, सावकाश बोलणारा. अंगणात चटई टाकून बसला. गाव कुंपणाबाहेर, मठातले दोन भिक्षू पुढे, आणि अगदी समोर कुरोबेए. मी मार्टिनला घेऊन उंबऱ्यात बसलो. ठरवलं होतं, आत जायचं तर मला ओलांडून जावं लागेल.

‘‘हे मूल तुझं?’’ साकुमाने विचारलं.

‘‘माझ्या दाराशी सापडलं.’’

‘‘कोणी दिलं?’’

‘‘देवाने.’’

लोक हसले. साकुमा हसला नाही. ‘‘देवाला साक्षीला बोलावता येत नाही. आईबापांनी दिलं असेल तर प्रश्न नाही. नाही दिलं, तर चोरलं. हा कायदा आहे. म्हण ना, कोणीतरी दिलं म्हणून.’’

तो मला वाट दाखवत होता, हे मलाही कळलं. गेन्साइ कुजबुजला, ‘‘पाद्रीबुवा, एक नाव सांगा. कुठलंही.’’

‘‘मी खोटं बोलणार नाही.’’

‘‘पोरासाठीही नाही?’’

‘‘जीव गेला तरी नाही.’’

एक भिक्षू ओरडला, ‘‘त्याला विचारा, गाईचं रक्त कशाला काढतो!’’ मी बोंडल्यातलं उरलेलं दूध सगळ्यांसमोर पिऊन टाकलं. दोन बायका ओकायला गेल्या. साकुमा म्हणाला, ‘‘तू धाडसी आहेस, पण तुझ्याकडे उत्तर नाही,’’ आणि त्याने शिपायांना खूण केली. मी पोराला कवटाळून म्हणालो, ‘‘माझे हात आधी तोडा.’’ गेन्साइने भाषांतर केलं नाही. गरज नव्हती.

तेवढ्यात गोठ्यातून ओतोरा आली. हात शेणाने भरलेले. डोक्यावरचं कापड तिने काढून टाकलं आणि अंगणाच्या मधोमध गुडघे टेकले.

‘‘मूल माझं आहे,’’ ती म्हणाली.

कुरोबेए किंचाळला, ‘‘गप्प बस!’’

‘‘मामंजी, गप्पच होते इतके दिवस.’’ तिचा आवाज अजिबात हलला नाही. ‘‘साहेब, पोर माझ्या नवऱ्याचं. तो बुडाला तेव्हा माझ्या पोटात होतं. भट्टीमागच्या खोपटात भरतीच्या वेळेला जन्मलं. मामंजी म्हणाले, हे बापाला खाऊन आलंय, याला परत पाठव. सासूबाईंनी तोंडावर ठेवायला ओला कागद हातात दिला. मी कागद समुद्रात टाकला. नाळ नवऱ्याच्या कमरपट्ट्याच्या चिंधीने बांधली, पोर मिठाच्या टोपलीत घातलं आणि इथे आणून ठेवलं, वारा लागणार नाही अशा बाजूला. घरी सांगितलं, पाठवलं परत. पाद्रीबुवांनी चोरलं नाही. मी दिलं.’’



‘‘इथेच का दिलंस?’’ साकुमाने विचारलं.

‘‘गावात सगळे याला हसतात आणि हा तरीही रोज बाजारात जातो. म्हटलं, हा माणूस एकदा हातात घेतलेलं सोडणार नाही.’’

साकुमा कुरोबेएकडे वळला. कुरोबेएने मान खाली घातली, मग वर करून म्हणाला, ‘‘आजपासून हिला आमच्या घराची पायरी नाही.’’

‘‘पायरी मीच उतरून आलेय,’’ ओतोरा म्हणाली.

साकुमा उठला. ‘‘आईने दिलंय. चोरी नाही. गाय झग्याच्या बदल्यात घेतलीय, तीही चोरी नाही. पाद्र्याला होडीत बसवायचं की नाही ते सरदार उन्हाळ्यात जहाजं येतील तेव्हा बघतील.’’ निघताना माझ्याकडे वळला. ‘‘त्या दुधाला चव कशी असते?’’

‘‘गोड,’’ मी म्हणालो. त्याने तोंड वाकडं केलं आणि गेला.

१३ डिसेंबर

झोप नाही. इतकं शूर खोटं मी आयुष्यात ऐकलं नव्हतं! बारकावे कसे एकेक रचले तिने: भरती, खोपट, ओला कागद! कमरपट्ट्याची चिंधीसुद्धा विसरली नाही. ओमात्सुबाईने दाखवली असणार. एका परक्या पोरासाठी या विधवेने सगळ्या गावासमोर स्वतःची अब्रू आणि घर, दोन्ही फेकून दिलं. आणि मी, सत्याचा रखवालदार, उंबऱ्यात बसून राहिलो.

गेन्साइला हे सांगितलं. तो मुसळ खाली ठेवून म्हणाला, ‘‘ती खोटं बोलली असं तुम्हाला का वाटतं, पाद्रीबुवा?’’

‘‘अरे, उघड आहे! जी बाई पोर टाकते, ती कधी एका गाईसाठी रोज पहाटे चोरवाटेने येईल का? पाय फोडून घेत डोंगर चढेल का? मी या डोळ्यांनी पाहिलंय तिला. ती तसली बाई नाही.’’

त्याने मुसळ पुन्हा उचललं. म्हणाला, ‘‘नाही. तसली नाहीच.’’

ओतोरा आता गेन्साइच्या घरी राहते. लोकांना तिचं खोटं खरंच वाटत राहावं म्हणून पोरही रात्री तिच्याकडेच ठेवायचं, असं ओमात्सुबाईने ठरवलं. मला कोणी विचारलं नाही.

६ जानेवारी १५६३. तीन राजांचा सण

ओतोराला बाप्तिस्मा हवा होता. मी चार दिवस अडून बसलो, कारण पश्चात्तापाशिवाय बाप्तिस्मा नाही. आज सकाळी गेन्साइला मध्ये बसवून विचारलं, ‘‘अंमलदारापुढे जे बोललीस, त्याचा तुला पश्चात्ताप होतो का?’’

तिने गेन्साइकडे पाहिलं. त्याने छताकडे पाहिलं. मग ती हसली. तिला हसताना मी प्रथमच पाहिलं.

‘‘नाही,’’ ती म्हणाली. ‘‘त्याआधी जे बोलले नाही, त्याचा होतो.’’

‘‘म्हणजे पुन्हा वेळ आली तर पुन्हा तेच बोलशील?’’

‘‘याहून मोठ्याने.’’

काय करावं? नियम स्पष्ट आहे. नुनो असते तर त्यांनी तिला सहा महिने थांबवलं असतं. बाहेर मठातले दोघे टेहळणी करत होते, मागोशिचीचा माणूस कुंपणावर वाकून बघत होता. मी दार सताड उघडलं, सगळ्यांना दिसेल असं तिला मधोमध बसवलं आणि तिच्या डोक्यावर पाणी ओतलं. तिच्या त्या खोट्याचं उत्तर देवापुढे मी देईन. तो मला काय बोलायचं ते बोलू दे. मी माघार घेणार नाही.

विधी चालू असताना मार्टिन रडायला लागला. ओमात्सुबाईने घेतला, रडला. गेन्साइने घेतला, रडला. मी घेतला तर सगळं घर डोक्यावर घेतलं. केस ओलेच असलेल्या ओतोराकडे दिला, आणि तो तिच्या गळ्याशी नाक खुपसून लगेच झोपला. दर वेळी असंच होतं. तिच्या अंगाला एस्त्रेलाचा वास येत असावा.